हरिबाचा शेवटचा पुडा

१

हरिबाच्या मरणाचा कुणाला संशय आलाच नसता. पण त्याच सकाळी त्याच्या अंगणातलं करडूही तडफडून मेलं, आणि धनगरवाड्यावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या उतारावर, सात-आठ घरांचा तो वाडा. वैशाख सरत आला होता. गवत करपून माती उघडी पडली होती आणि पाणी म्हणाल तर खालच्या घळीतला एक झरा, तोही वाटीवाटीनं साठणारा. भोरहून निघालेला फौजदार सावळाराम वेल्ह्याला यष्टीतून उतरला आणि चढण चढून वर आला, तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं.

भोरला राजाचं राज्य होतं तेव्हापासून सावळाराम पोलिसात होता. संस्थान विलीन झालं, टोपीवरचा बिल्ला बदलला, पण मूळचा वरवे बुद्रुकचा हा शेतकऱ्याचा मुलगा बदलला नाही. कमी बोलायचा, ऐकायचा जास्त.

हरिबाला ओट्यावरच घोंगडीखाली ठेवलं होतं. धाकटा भाऊ बिरू खांबाला टेकून उभा होता. हरिबाची बायको पारूबाई भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ती त्याची दुसरेपणाची बायको, वयानं त्याच्या निम्मी.

"रातभर उलट्या झाल्या," बिरू म्हणाला. "काळजानंच दगा दिला असंल. माती उरकू द्या सायेब, असल्या उन्हात मढं ठेवून भागंल का?"

"आणि करडू? त्याला काय काळजाचा आजार होता?"

सावळाराम अंगणात उतरला. करडाच्या तोंडाशी काळपट ओला पाला चिकटला होता. तसाच थोडा पाला दगडाच्या कडेला सांडलेला होता.

"हे काय आहे?"

"चहाचा चोथा," भिंतीकडून पारूबाईचा आवाज आला. "म्याच फेकला."

जमलेल्या माणसांत कुजबुज झाली. सावळारामनं तो पाला रुमालात बांधला, प्रेत बैलगाडीत घालून पुण्याला धाडायला सांगितलं, आणि पारूबाईसमोर येऊन खाली बसला.

२

हरिबाच्या चहाची गोष्ट अख्ख्या वेल्ह्याला ठाऊक होती. मोठ्या लढाईत तो लष्करी मजुरांच्या तुकडीतून सिंगापूरला गेला आणि जपान्यांच्या कैदेत सापडला. तिथं उपासमारीत एका चिनी चहावाल्यानं तारेच्या कुंपणातून त्याला भात दिला, चहा पाजला, म्हणून तो जगला. परत आल्यावर वर्षातून एकदा तो मुंबईला जायचा आणि तिथल्या चिनी बाजारातून चहाचा एक पुडा आणायचा. दूध नाही, गूळ नाही. संध्याकाळी स्वतःच्या हातानं करायचा आणि ओट्यावर बसून इवल्याशा चिनी कपातून प्यायचा. कुणी हसलं तर त्याला राग यायचा नाही.

"काल सांजच्याला काय झालं, ते सांग," सावळाराम म्हणाला.

"म्या झऱ्यावर गेले हुते," पारूबाई म्हणाली. "ह्या दिसांत हंडा भराया लई येळ लागतो. आले तवा धनी वट्यावर आडवं पडल्यालं. उलट्या सुरू. म्होरं कप. मला वाटलं, चहानंच मळमळलं, म्हून भांड्यातला चोथा फेकला, कप इसळला. समदं धुऊन काडलं."

"काही बोलला?"

"बोलाया बघत हुते, पर जीभ वळंना. 'त्याला म्हनावं, जाऊन ये,' येवढंच कळलं. कुनाला, कुटं, काय बी कळलं न्हाई."

"घरी कुणी आलं होतं?"

"म्या कुनाला बगितलं न्हाई. पर दुसरा कप फळीवर पालथा हुता आन् वला हुता. हितं प्याया पानी न्हाई सायेब. न वापरल्याला कप कोन कशाला धुईल?"

सावळारामनं आतून चहाचा डबा आणवला. झाकण उघडलं. आत लांबट काळी पानं होती, आणि वास आला तो धुराचा. ओलं लाकूड चुलीत कोंडल्यावर येतो तसा. त्यानं डबा तिच्यापुढं धरला.

पारूबाईनं वास घेतला आणि मान मागं घेतली.

"ह्यो आमचा चहा न्हवं."

"म्हणजे?"

"धन्यांचा चहा फुलाचा. मोगऱ्याचा वास यायचा. जुना पुडा परवा सरला. नवा आढ्याला बांधून ठेवला हुता, काल सांजच्यालाच फोडला असंल. पर ह्यो त्यो न्हवं."

सावळाराम तिच्याकडं बघत राहिला. डबा तिच्याच घरातला. चोथा तिनंच फेकलेला, भांडी तिनंच धुतलेली. आणि आता चहाच आपला नाही म्हणते.

बिरूनं त्याला बाजूला घेतलं. "वैनीचं मन हितं कधी रमलंच न्हाई. पोर न्हाई, बाळ न्हाई. मुंबईहून आल्यापास्नं दादा बी गुमसुम. चार दिस कुनाशी बोलला न्हाई. घरात कायतरी झालं असंल."

"तू कुठं होतास काल?"

"खाली शेतात मेंढरं बसवली हुती. चौगं हुतो आमी. इचारा."

सावळारामनं विचारलं. चौघांनी एकच सांगितलं.

वेल्ह्याच्या बाजारात गेनबाचं चहाचं हॉटेल होतं. गेनबा हरिबाबरोबर त्याच तुकडीत होता, त्याच कैदेत होता. गावात त्याचा मान मोठा. लढाईच्या गोष्टी सांगायला लागला की बाजारकरी भोवती कोंडाळं करून बसायचे, आणि येत्या निवडणुकीत तोच सरपंच होणार हे जवळपास ठरलेलं होतं. सावळाराम आत शिरला तेव्हा गेनबा पेटत्या भट्टीपुढं उभा होता. एवढ्या उकाड्यातही त्याच्या डोक्यावर लोकरीची कानटोपी होती आणि घामाचे ओघळ मानेवरून सदऱ्यात उतरत होते.

"बसा फौजदारसाहेब. लई वाईट झालं. माझ्या जिवाचा सोबती गेला."

"तुमची त्याची शेवटची गाठ कधी पडली?"

"त्यो मुंबईला जायच्या आदी. तिकडनं आल्यावर त्यो खाली आलाच न्हाई, आन् म्या वर गेलो न्हाई. गुडघं दुखत्यात माजं."

"तुम्ही चहाचे जाणकार. एक सांगा, त्याच्या चहात कुणी काही कडू मिसळलं तर त्याला कळलं नसतं?"

गेनबानं गाळणं झटकलं. "आमच्या दूध-गुळाच्या चहात लगीच कळलं असतं. त्येचा चहा आदीच कडू, आन् वर त्यो धुराचा वास. त्यात काय बी दडंल."

"तुम्ही चाखलाय?"

"कधीच न्हाई. त्यो कुनाला देतोय? पर वाटंनं जाता-येता वास यायचा की. वर्सानुवर्सं येतोय."

सावळारामनं मान हलवली. डब्याचा वास त्यानंही घेतला होता. गेनबाचं बोलणं त्याच्याशी तंतोतंत जुळत होतं, आणि पारूबाईचं जुळत नव्हतं.

पुण्याहून डॉक्टरांचा निकाल आला: कण्हेरीचं विष. मग वरून हुकूमही आला, आणि सावळारामनं पारूबाईला अटक केली. वाड्यावरच्या बायका तिला निरोप द्यायलासुद्धा बाहेर आल्या नाहीत. एकीनं मात्र उंबऱ्यातूनच सांगितलं की तिच्या बापाला कुणी कळवणार नाही, कळवून काय सांगायचं. भोरच्या कोठडीत पारूबाईनं भाकरीला हात लावला नाही. ती रडली नाही. एकदाच तिनं विचारलं, "माजी शेरडं कोन सोडतंय?"

त्या प्रश्नानं सावळारामची झोप उडवली. नवऱ्याला विष घालणारी बाई खोटं बोलेल, तर सोपं खोटं बोलेल. घरातला डबा आपला नाही, असं सांगून तिनं काय साधलं? उलट स्वतःच्याच गळ्याभोवती फास आवळून घेतला.

तो पाच दिवसांची रजा टाकून मुंबईला गेला. चहाचा डबा पिशवीत होता.

३

माझगावच्या गोदीकडून आत वळणाऱ्या गल्लीत चिन्यांचा बाजार भरायचा. दारांवर लाल कागद चिकटवलेले, आत दात बसवणारे, बूट शिवणारे, सुकी मासळी आणि लाकडी पेट्यांतली औषधं विकणारे. सावळारामनं साधे कपडे घातले होते तरी माणसं त्याला वाट करून देत होती. चहावाल्याचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. दुकानदार म्हातारा, हडकुळा, नुसत्या पांढऱ्या बनियनवर बसलेला. गोदीतले हमाल त्याला लिऊशेट म्हणत.

मुंबईत चाळीस वर्षं काढलेल्या त्या माणसाची हिंदी मोडकी होती, पण समजत होती. हरिबाचं नाव ऐकून तो हसला, "पहाडवाला हरि," म्हणाला. मग सावळारामनं हरिबा मेल्याचं सांगितलं, तेव्हा त्याचे हात मांडीवर पडून राहिले. तो उठला, स्टोव्हवर पाणी ठेवलं आणि काही न विचारता पेले मांडले.

"पहले चाय," तो म्हणाला. "बात बाद में."

त्यानं एका बरणीतली मोत्याएवढी गुंडाळलेली पानं मातीच्या बुटक्या किटलीत टाकली, उकळतं पाणी ओतलं आणि ते पहिलं पाणी सरळ फेकून दिलं. दुसऱ्या पाण्याचा चहा त्यानं पुढं केला. रंग फिका, गवतासारखा. सावळारामनं घोट घेतला. जिभेवर आधी तुरटपणा आला आणि मग तोंडात मागं कुठंतरी हलकासा गोडवा राहिला. चांगला होता, पण वास फुलाचा नव्हता.

मग दुसरी बरणी. झाकण निघालं. दुकानभर मोगरा दरवळला. सुकलेल्या पांढऱ्या पाकळ्या पानांत दिसत होत्या. त्याचाही पेला सावळारामपुढं आला. म्हातारा सांगत होता: हा काल-परवाच्या बोटीनं आला. हरि हाच नेणारा. मागची सहा साल हाच नेला, दुसरा कधीच नाही.

सावळारामनं पिशवीतून डबा काढला. "मग हा कुणाचा?"

लिऊशेटनं वास घेतला. "मेराच." त्यानं तशीच काळी पानं मागच्या फळीवरून काढली आणि त्यांचाही चहा केला. लालभडक, धुरानं भरलेला. देवदाराच्या लाकडांच्या धगीवर ही पानं सुकवतात, असं तो म्हणाला. ह्या साली हरि आला तेव्हा फुलाच्या चहाची बोट लागली नव्हती. मग त्यानं हा चाखला, तोंड वेडंवाकडं केलं, हसला, आणि रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून ह्याचा पुडा बांधून घेतला. पुड्याच्या तोंडाला लाखेची मोहर आपण स्वतःच लावली, असंही तो म्हणाला.

सावळारामनं पेला खाली ठेवला. त्याचं मन वेल्ह्याच्या त्या भट्टीपाशी गेलं होतं. वर्षानुवर्षं वाटेनं जाता-येता ज्याला वास यायचा, त्याला मोगऱ्याचा यायला हवा होता. धुराचा चहा हरिबाच्या घरात आयुष्यात एकदाच झाला, ज्या संध्याकाळी तो मरायला लागला त्या संध्याकाळी.

पण का? दोघं एका कैदेतून जगून आलेले.

"हरि ह्या वेळी आणखी काही बोलला?" त्यानं विचारलं.

लिऊशेटनं आतल्या पडद्याकडं बघितलं. मग हळूहळू सांगितलं. सिंगापूरला हरिबाला भात देणारा तो चहावाला म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. कैदेतून सुटल्यावर हरिबा त्या दुकानावर गेला होता. दुकान बंद होतं. शेजाऱ्यांनी ह्या गल्लीचा पत्ता दिला, म्हणून तो पहिल्यांदा इथं आला. भावाला आणि त्याच्या दोन मुलांना जपान्यांनी ट्रकमध्ये घालून समुद्राकाठी नेलं आणि मारलं, एवढं कळलं होतं. कैद्यांना भात देणारा हाच, असं कुणी दाखवून दिलं, ते कळलं नव्हतं. यंदा भावाची विधवा सिंगापूरहून आली. हरिबा इथं चहा पीत बसला होता तेव्हा ती आतून बाहेर आली. तिनं त्याच्या समोरच सांगितलं: दाखवणारा हिंदुस्थानी कैदीच होता. तिनं खिडकीतून पाहिला. शिपायांच्या पुढं चालत आला, दुकानाकडं बोट केलं, आणि शिपायांनी त्याच्या पदरात तांदूळ घातले. त्याच्या डाव्या कानाची पाळी तुटलेली होती.

"हरि काय म्हणाला?"

"कुछ नहीं. चाय ठंडी हो गयी. फिर बोला, 'उसको लाऊँगा. तेरे सामने खुद बोलेगा.'"

पडदा हलला. काळ्या कपड्यांतली एक बुटकी बाई दारात येऊन उभी राहिली. तिला हिंदी येत नव्हतं. हरिबा मेल्याचं दिराकडून ऐकल्यावर तिनं पुढं येऊन त्याच्यासमोरचे तिन्ही पेले एकेक करून उचलून नेले. पावसाळा संपला की ती बोटीनं परत जाणार होती.

४

वेल्ह्याचा आठवडी बाजार उठत आला होता. सावळारामनं येताना बिरूला बरोबर घेतलं होतं आणि दोन शिपायांना हॉटेलाच्या मागच्या अंगाला धाडलं होतं. गेनबा भट्टीपुढंच होता. कानटोपी तशीच.

"गेनबा, हरिबाच्या चहाचा वास कसला, ते पुन्हा एकदा सांगा."

"सांगितलं की. धुराचा."

"नेहमी?"

"नेहमीच."

सावळाराम बिरूकडं वळला. "तू सांग. तुझ्या भावाच्या चहाला कसला वास यायचा?"

बिरू गोंधळला. "फुलाचा. मोगऱ्यावानी. का वो?"

गेनबाचा हात चहाच्या पातेल्यावर थांबला.

सावळाराम बाकावर बसला. आवाज न चढवता तो बोलत गेला. "सहा वर्षं त्या घरात मोगऱ्याचा चहा झाला. धुराचा पुडा ह्याच वर्षी आला आणि लाख लावून आढ्याला बांधलेला होता. तो फुटला त्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा मी ताब्यात घेतला, त्यानंतर त्याचा वास कुणाच्या नाकाला गेला नाही. तुम्ही म्हणता, तुम्ही वर गेलाच नाहीत. मग धुराचा चहा तुम्हाला कुठं भेटला? त्या घरात दुसरा कप ओला होता. पाहुण्यानं आपला कप धुतला, जिथं प्यायला पाणी नाही तिथं. पारूबाई खरं बोलत होती आणि मी तिला कोठडीत घातलं."

"चहाच्या वासावर फाशी देनार व्हय मला?" गेनबा हळू आवाजात म्हणाला.

"टोपी काढा."

गेनबा हलला नाही. मागच्या दारातून शिपाई आत आला. त्यानं सांगितलं, हॉटेलामागच्या कण्हेरीच्या बुंध्याशी जमीन उकरलेली होती, मूळ एका बाजूनं तोडलेलं होतं. गेनबानं ते ऐकलं. मग त्यानं दोन्ही हातांनी टोपी काढली आणि भट्टीच्या कठड्यावर ठेवली. डावा कान खालून अर्धा तुटलेला होता.

"तेवढ्या तांदळावर म्या आठ दिस जगलो," तो म्हणाला. "ते मारतील असं वाटलं नव्हतं. धरून नेतील, सोडतील, असं वाटलं."

गेनबानं भट्टीतली लाकडं मागं ओढली.

"हरिबानं बोलवून घेतलं मला. निरोप आला तवाच वळखलं, मुंबईत त्येला कायतरी कळलं. तयारीनंच गेलो वर. त्येनं शिवी दिली न्हाई, हात उचलला न्हाई. नवा पुडा फोडला, चहा केला, माज्या म्होरं कप ठेवला. म्हनला, माज्यासंगं मुंबईला चल. त्या बाईम्होरं उबा रहा आन् तोंडानं सांग. म्या पोलिसात जानार न्हाई. तू फकस्त जाऊन ये." गेनबानं भट्टीकडं बघितलं. "त्यो कोकरं कोंडाया उठला. तेवढ्यात म्या किटलीत टाकलं."

"जायचं होतंत," सावळाराम म्हणाला. "एका बाईपुढं उभं राहायचं होतं, एवढंच."

"ते जमलं नसतं फौजदार. मरनं जमलं असतं, पर ते न्हाई."

बिरू अंगावर धावून जाईल असं सावळारामला वाटलं होतं. बिरू धावला नाही. तो खाली जमिनीवर बसला आणि त्यानं आपलं मुंडासं तोंडात कोंबलं.

पारूबाईला सोडलं त्या दिवशी सावळाराम स्वतः तिला वाड्यावर पोचवायला गेला. तिचं घर उघडं होतं. शेरडं बिरूच्या गोठ्यात होती, दोन कमी झाली होती. बायका भोवती गोळा झाल्या, कुणी पाणी दिलं, कुणी म्हणालं की आम्हाला आधीपासूनच माहीत होतं. पारूबाईनं पाणी घेतलं नाही. तिनं ओट्यावर बसून सावळारामकडून सगळं ऐकून घेतलं, सिंगापूर, समुद्रकाठ, तांदूळ, आणि नवऱ्याचे शेवटचे शब्द कुणासाठी होते तेही.

"त्या बाईला कळलं का?" तिनं विचारलं. "त्यो मानूस गावला म्हून?"

"नाही अजून. मी कळवीन."

"तुमी नगा. धन्यांनी आनतो म्हून सांगितलं हुतं. आता त्यो मानूस येत न्हाई, तर घरातलं कुनीतरी जायाला पायजे."

सावळारामनं तिला समजावून बघितलं. ती कधी भोरच्या पलीकडं गेली नव्हती, भाषा नाही, ओळख नाही. पारूबाई ऐकत होती आणि घोंगडीची घडी घालत होती.

कापूरहोळच्या फाट्यावर पुण्याकडची यष्टी आली तेव्हा सावळारामनं लिऊशेटच्या गल्लीच्या खुणा तिला दोनदा सांगितल्या आणि तिनं त्या दोनदा म्हणून दाखवल्या. ती गाडीत चढली आणि बाकांच्या मधल्या जागेत खालीच बसली. कंडक्टर म्हणाला, बाई, वर बस, तुझीच जागा आहे. ती उठून खिडकीशी बसली.

"तिला मराठी येत नाही," सावळाराम खिडकीखालून म्हणाला. "काय सांगशील?"

"काय बी न्हाई," पारूबाई म्हणाली. "तिच्याजवळ बसंन थोडी."

गाडी हलली.